खेळाचे पान आणि गाळलेला कर्ता

गोंदिया जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. वर्गातली बहुसंख्य मुले-मुली आपल्या घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेली. मीही तसाच चढलो होतो. ती मला विचारतात, "सर, तुम्ही इंग्रजी कुठे शिकलात?" मी एखाद्या कॉन्व्हेंटचे नाव घेईन असे त्यांना वाटते. खरे उत्तर असे की, मी इंग्रजी वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर शिकलो. यावर मुले हसतात.

वडील राईस मिलमध्ये हमाल, आई बिड्या वळायची. आमच्या घरी इंग्रजीला यायला वाटच नव्हती. बाबासाहेबांना सुभेदार रामजी होते. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ते मुलाकडून घोटून घेत. आमच्या पिढीला बाबासाहेब मिळाले, पण घरात रामजी मिळाले नाहीत. बारावीपर्यंतचे इंग्रजी मी गाईडातून पाठ केले. इंग्रजी अग्रलेख उघडला की तो कशाविषयी आहे हेच कळत नसे.

नोव्हेंबर 2008 मध्ये नागपूरजवळ जामठ्याच्या नव्या मैदानावर पहिलीच कसोटी झाली, भारत विरुद्ध ऑस्ट्रेलिया. मी बी.ए.ला होतो. दिवसा टपरीवरच्या टीव्हीत खेळ पाहायचा आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयात नागपूरच्या 'हितवाद'मध्ये त्याच खेळाचा वृत्तांत वाचायचा, असा क्रम पाच दिवस चालला. जेसन क्रेझा या नवख्या फिरकी गोलंदाजाने पहिल्या डावात 215 धावा देऊन 8 बळी घेतले, सामन्यात एकूण 12. तरी त्याचा संघ 172 धावांनी हरला. 'ऑल्दो' आणि 'डिस्पाइट' हे शब्द मला त्या दिवशी खरे कळले. आधी सुटलेला झेल आणि नंतर झालेले शतक एकाच वाक्यात आले की झेलाला 'हॅड बीन' लागते, हेही तिथेच कळले. घडलेले डोळ्यांनी पाहिलेले असल्यामुळे अनोळखी शब्दाचा अर्थ वाक्यातच सापडे.

मग मी वही केली. डाव्या पानावर वृत्तांतातले वाक्य, उजव्या पानावर त्याच बांधणीचे माझे वाक्य; पण विषय धानाच्या भावाचा, एस.टी.चा, ग्रामसभेचा. क्रीडावार्ताहराला क्रम, कारण आणि आकडा सांगावा लागतो आणि मतही संयमाने मांडावे लागते. अर्ज, अहवाल आणि न्यायालयाचा निकाल यांची भाषा याहून फार दूर नाही. दोन वर्षांनी अग्रलेख उघडला तेव्हा तो मला उलगडला.

पण त्याच वहीत एक खोटही सापडली. 'वॉज ड्रॉप्ड', 'वॉज ओव्हरलुक्ड' ही वाक्ये पुन्हा पुन्हा येत. खेळाडू वगळला गेला, डावलला गेला. कोणी डावलला? वाक्यात कर्ता नाही. हा प्रयोग मी घरी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आई कारखान्यात बिड्या देऊन यायची आणि सांगायची, "आज शंभर छाटल्या गेल्या." कोणी छाटल्या, का छाटल्या, हे विचारायची सोय नव्हती. मजुरी तेवढी कापलेली असे. पुढे एका संस्थेत राखीव जागेसाठी मी मुलाखत दिली, तेव्हा निकालात तीनच शब्द आले: 'नॉट फाउंड सुटेबल'. योग्य आढळला नाही. कोणाला आढळला नाही? ते तीन शब्द मला समजले, कारण मी इंग्रजी शिकलो होतो. त्यांत काय दडवले आहे हेही समजले, कारण मी ते खेळाच्या पानावर शिकलो होतो.

हाच प्रश्न घेऊन मी पालवणकर बंधूंच्या इतिहासाकडे गेलो. थोरला बाळू 1876 साली धारवाडला एका चर्मकार कुटुंबात जन्मला. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात महिना 4 रुपयांवर तो खेळपट्टीची निगा राखी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. त्याची डावखुरी फिरकी पाहून सवर्णांच्या हिंदू क्लबाला तो हवासा झाला. मैदानात त्याने हाताळलेला चेंडू चालत होता. चहाच्या वेळी मात्र त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. 1906 मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले, तेव्हा बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम दोघेही संघात होते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूने 114 बळी घेतले. एवढे होऊनही हिंदू संघाचे कप्तानपद त्याला दिले गेले नाही. पुन्हा तेच, 'दिले गेले नाही'!

1920 साली चौरंगी सामन्यांच्या वेळी बाळूला संघातून वगळले. नियोजित कप्तान आजारी पडला, तेव्हा ज्येष्ठ असलेल्या विठ्ठलला ओलांडून नेतृत्व दुसऱ्याकडे दिले. या वेळी विठ्ठल आणि शिवराम गप्प बसले नाहीत. त्यांनी खेळायला नकार दिला आणि निवेदन प्रसिद्ध करून निवड समिती जात पाहते असा उघड आरोप केला. वाक्यात कर्ता परत आला. अंतिम सामन्यात बाळू उपकप्तान झाला. 1923 मध्ये विठ्ठल कप्तान झाला आणि त्याच्या संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली.

दलित पँथरच्या पिढीने कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी नाते जोडले, ते याही बाबतीत खरे आहे. त्रिनिदादचा सी. एल. आर. जेम्स 1930 च्या दशकात इंग्लंडमध्ये क्रिकेटचा वार्ताहर होता. हैतीतल्या गुलामांच्या उठावाचा इतिहास त्याने त्याच दशकात लिहिला. पुढे 1960 मध्ये त्रिनिदादच्या एका पत्राचा संपादक असताना त्याने वेस्ट इंडिजचे कप्तानपद फ्रँक वॉरेलला मिळावे म्हणून मोहीम चालवली. कृष्णवर्णीय खेळाडू संपूर्ण मालिकेचा कप्तान झाला तो त्यानंतरच.

इतरांच्या वाक्यातला कर्ता शोधताना आपली वाक्येही तपासावी लागतात. बाळूने 1932 मध्ये पुणे करारावर सही केली आणि 1937 मध्ये काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध निवडणूक लढवली. बाबासाहेबांना 13,245 मते पडली, बाळूला 11,225. त्यानंतर आपल्या चळवळीच्या कथनातून बाळू 'गाळला गेला'. कोणी गाळला? आपण गाळला. त्याच्या राजकारणाला विरोध करावा. त्याचे 114 बळी पुसू नयेत.

आमच्या जिल्ह्याचेही एक वाक्य आहे. 1954 साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांचा 'पराभव झाला', असे आपण लिहितो आणि म्हणतो. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. वेगळा झाला तो 1999 मध्ये. पराभव आपोआप होत नसतो. तो आमच्याच गावांतल्या मतदारांनी केला. हे वाक्य कर्त्यासह लिहिण्याचे धाडस आमच्या जिल्ह्यातल्या इतिहासाच्या शिक्षकांनी करायला हवे.

आजही माझ्या वर्गात इंग्रजी खेळाचे पान येते. मुली कबड्डीचा वृत्तांत निवडतात, मुले क्रिकेटचा. प्रत्येकाने दहा वाक्ये उतरवायची आणि जिथे कर्ता नसेल तिथे तांबड्या शाईने एकच शब्द लिहायचा: 'कोणी?' गेल्या महिन्यात एका मुलीने तो शब्द वृत्तांताखाली लिहिलाच, आणि आपल्याला नाकारलेल्या शिष्यवृत्तीच्या पत्राखालीही लिहून आणला. त्या पत्राला आम्ही दोघांनी बसून इंग्रजीत उत्तर लिहिले. कर्ता पहिल्याच ओळीत घातला.