जुन्या कॅमेऱ्याचा प्रकाशमापक व धाराशिव जिल्ह्यांतील छायाचित्रांची साधनपरीक्षा

शिलालेखाची किंवा पोथीची नक्कल हातीं आली म्हणजे प्रथम नकलकाराची परीक्षा करावी, हा संशोधनाचा जुना नियम आहे. छायाचित्रास मात्र आपण हा नियम लावीत नाहीं; तें यंत्रानें केलेलें, म्हणून निर्दोष, असें गृहीत धरतों. वस्तुतः जुन्या कॅमेऱ्यांतहि एक नकलकार बसलेला असतो. तो म्हणजे प्रकाशमापक. त्याची सुई चुकली तर अक्षर बुजतें, आणि तें मूळ दगडावरच झिजलेलें होतें असा समज पुढें रूढ होतो.

धाराशिव (पूर्वीचें उस्मानाबाद) जिल्ह्यापुरती ही परीक्षा विशेष निकडीची आहे. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपांत लातूर जिल्ह्यांतील किल्लारी व या जिल्ह्यांतील सास्तूर या भागांतील दगडमातीचीं असंख्य घरें जमीनदोस्त झालीं. नष्ट झालेल्या वाड्यांविषयीं भूकंपापूर्वींचें छायाचित्र हेंच कित्येकदां एकमेव दृश्य साधन उरतें. त्याचा दोष कोठला, हें ठरविल्यावांचून त्याची साक्ष घेतां येत नाहीं.

प्रथम कालनिर्णय. जेम्स बर्जेस यानें १८७५-७६ च्या मोसमांत या भागाची पाहणी केली. धाराशिवच्या लेण्यांचें वर्णन त्याच्या १८७८ च्या अहवालांत आहे. हेन्री कझेन्स याचें तेरविषयक लेखन १९०२-०३ च्या पुरातत्त्व खात्याच्या वार्षिकांत आलें. त्या काळीं विद्युत् प्रकाशमापक नव्हता. एक्स्पोजर अनुभवानें ठरे, किंवा प्रकाशानें काळवंडणाऱ्या कागदास किती वेळ लागतो यावरून मोजीत. असें एक मापक हर्फर्डच्या आल्फ्रेड वॉटकिन्स यानें १८९० मध्यें पेटंट केलें. हाच गृहस्थ पुढें प्राचीन मार्गांविषयींच्या १९२५ च्या ग्रंथामुळें पुराणवस्तुप्रेमींत गाजला. सेलेनियमवर प्रकाशाचा होणारा विद्युत् परिणाम विलोबी स्मिथ यानें १८७३ त प्रसिद्ध केला होता. परंतु त्यावर चालणारा वेस्टन कंपनीचा मापक १९३२ त, आणि असा मापक अंगींच असलेला झाइस इकॉनचा काँटाफ्लेक्स कॅमेरा १९३५ त आला. भिंगांतून आलेला उजेड मोजणारा पेंटॅक्स स्पॉटमॅटिक १९६४ चा. सबब १९३२ पूर्वींच्या चित्राचा दोष विद्युत् मापकाच्या माथीं मारतां येत नाहीं.

आतां यंत्राची परीक्षा. सेलेनियमच्या मापकास बॅटरी लागत नाहीं. उजेडच वीज उत्पन्न करून सुई हलवितो. त्याचें तोंड पूर्ण झांकलें असतां सुई शून्यावर यावी, आणि झांकण काढतांच न अडखळतां वर जावी. अडखळली तर दोष सुईच्या टेकणाचा. मुळींच न हलली तर तुटलेल्या तारेचा, गंजलेल्या जोडाचा किंवा मेलेल्या पेशीचा. पेशी दमटपणानें व वयानें क्षीण होते. ती पुनः सजीव होत नाहीं, बदलावीच लागते.

कॅडमियम सल्फाइडच्या मापकास बॅटरी लागते. पुष्कळ जुने कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठीं घडविलेले आहेत. हे सेल आतां बाजारांतून गेले आहेत. त्यांच्या जागीं १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला, तर ज्या मापकांत दाब सांभाळण्याची योजना नाहीं, त्यांची सुई आहे त्याहून जास्त उजेड दाखविते. यावर १.४ व्होल्टच्या आसपासचा कानयंत्राचा झिंक-एअर सेल हा सोपा उपाय आहे. मात्र तो थोड्याच महिन्यांत संपतो. सेलच्या खोबणींत हिरवट वा पांढरी बुरशी दिसल्यास शिरक्यांत किंचित् भिजविलेल्या कापसानें ती पुसून जागा कोरडी करावी.

यानंतर विश्वासू मापकाशीं तुलना करावी. ती रखरखीत ऊन, सावली व घराचा अंतर्भाग या तिन्ही ठिकाणीं करावी. तसा मापक नसल्यास १०० वेगाची फिल्म धरून, निरभ्र उन्हांत छिद्र १६ व शटर १/१२५ सेकंद हा ताळा पाहावा. तिन्ही ठिकाणीं फरक सारखाच असेल तर दुरुस्ती सोपी आहे: मापक दुप्पट उजेड दाखवीत असेल, तर फिल्मचा वेग निम्मा लावावा. फरक ठिकाणोठिकाणीं बदलत असेल, तर त्या मापकावर विसंबूं नये.

जुन्या निगेटिव्हवरूनहि दोष ओळखतां येतो. फिल्मच्या कडेचीं अक्षरें कारखान्यांतच उठविलेलीं असतात. तीं ठसठशीत असून चित्र विरळ असेल, तर एक्स्पोजर कमी पडलें. अक्षरेंहि फिकट असतील, तर दोष धुलाईचा किंवा काळाचा. मापकाचा दोष असेल, तर क्षीण सेलेनियम उजेड कमी दाखवीत असल्यानें निगेटिव्ह गडद होते. जादा दाबाच्या सेलनें ती विरळ होते.

तथापि प्रत्येक दोष यंत्राचा नव्हे. असा मापक समोरची वस्तु मध्यम करडी आहे असें मानून चालतो. म्हणून पोथीचा पांढरा कागद चित्रांत मळकट उतरतो. तेथें करड्या पुठ्ठ्यावर माप घ्यावें. नळदुर्गाचा १६१३ चा पाणीमहाल पावसाळ्यांत टिपतांना शुभ्र धारेमुळें काळा दगड आणखी काळा पडतो. माप दगडाचेंच घ्यावें. तेरच्या त्रिविक्रम मंदिराच्या विटांच्या गाभ्यांत किंवा धाराशिवच्या सुमारें ८० फुटी दालनांत सुई हललीच नाहीं, तर वस्तूच्या जागीं कोरा पांढरा कागद धरून माप घ्यावें व एक्स्पोजर पांचपट करावें. उन्हांतून लेण्यांत शिरतांच कॅडमियमचा मापक खऱ्या अंकावर येत नाहीं. कांहीं मिनिटें थांबावें. एक्स्पोजर एका सेकंदाहून लांबल्यास, फिल्मची संवेदना मंदावत असल्यानें, तें आणखी वाढवावें.

संग्राहकांस विनंति एवढीच, कीं निगेटिव्हसोबत कॅमेरा, मापकाचा प्रकार, सेल, छिद्र, शटर व वेळ यांची टीप ठेवावी. पोथीच्या पुष्पिकेस जें मोल, तेंच या टिपेस आहे. ती नसेल तेथें कडेचीं अक्षरें तपासल्याशिवाय कोणतेंहि अक्षर “मुळांत झिजलेलें” असें लिहूं नये.