गजराच्या आधी कोण उठवायचं?



माझ्या सुनेच्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप आहे. बाथरूममधल्या नळाचा फोटो काढेपर्यंत ते वाजतच राहतं! मी तिला खूप बोलले.

पूर्वी वेळ पाण्यावर मोजत. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं. 2 घटकांचा मुहूर्त. आपलं सामायिक तेवढंच, 48 मिनिटांचं. नवकारसीही सूर्योदयानंतर तेवढ्याच वेळाने. पण घटिकापात्र काही घरोघरी नव्हतं. शेजारणीचं जातं घरघरलं की दुसरी उठायची, मग वासुदेव यायचा. पिठाची गिरणी आली, जातं थांबलं, गल्लीचा गजरही गेला. (बायकांचे हात सुटले, त्याचं मला मुळीच दुःख नाही.)

तिकडे अमेरिकेत लेव्ही हचिन्सने 1787 मध्ये स्वतःपुरतं गजराचं घड्याळ केलं. ते फक्त पहाटे 4 वाजताच वाजायचं!

रिद्धपूरला सासूबाईंना विचारलं, “सगळ्यांत आधी जातं फिरवणारीला कोण उठवायचं?”

“झोप लागेच कुठी वं? उशीर झाला का सासू बोले.”

सुनेचा गजर आता खुशाल वाजतो. मी काही बोलत नाही.