ओल्ड क्वार्टरमधल्या उकाड्याच्या रात्री

कवीला किती श्रोते पुरतात? दहा मिळाले तरी खूप, असे आम्ही कवी एकमेकांना सांगतो आणि संयोजकाला मात्र सभागृह का भरले नाही म्हणून विचारतो. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे, त्याला एका लहानशा खोलीत शंभरावर श्रोते मिळाले होते. स्थळ अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातले ह्यूस्टन शहर, काळ जुलै १९७३, आणि गायकाचे नाव टाऊन्स व्हॅन झँट. गाणी स्वतःच लिहायची, स्वतःच चाल लावायची आणि स्वतःच गायची, अशा परंपरेतला हा माणूस.

ओल्ड क्वार्टर ही शहराच्या मध्यभागी एका जुन्या इमारतीत असलेली बिअर पिण्याची जागा. त्या रात्री माणसे खांद्याला खांदा लावून बसली होती. वातानुकूलन यंत्र बंद पडलेले. त्यात ह्यूस्टनचा जुलै, म्हणजे मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट हवा. अर्ल विलिस नावाच्या ध्वनिमुद्रकाने तिथले गाणे टिपून ठेवले, म्हणून आज आपल्याला ते ऐकता येते. एक आवाज, एक गिटार आणि सव्वीस गाणी, बस्स. त्या जागेचा एक मालक होता रेक्स बेल. त्याच्या नावाचे एक गाणेही या मैफलीत आहे. मधूनच बाटल्यांचा किणकिणाट येतो. टाऊन्स दोन गाण्यांच्या मध्ये विनोद सांगतो, लोक हसतात, आणि पुढचे गाणे सुरू झाले की खोली चिडीचूप होते. मुशायऱ्यात आम्हाला शेर पुरा होण्याआधीच दाद हवी असते. इथे गप्प राहणे हीच दाद.

ही शांतता त्याला सहज मिळाली नव्हती. १९६८ ते १९७२ या काळात त्याच्या सहा तबकड्या निघाल्या. पण स्टुडिओत निर्माते त्याच्या शब्दांवर इतका वाद्यमेळ चढवत की शब्दांनाच घाम फुटावा. पहिल्या तबकडीतली काही गाणी त्याने १९६९मध्ये पुन्हा, साध्या रीतीने गाऊन घेतली. ओल्ड क्वार्टरमध्ये ते ओझे उतरलेले होते. गंमत अशी, की ती ध्वनिफीत चार वर्षे पडून राहिली आणि १९७७मध्ये दोन तबकड्यांचा संच म्हणून बाजारात आली.

टाऊन्स १९४४ साली फोर्ट वर्थला, सुखवस्तू घरात जन्मला. टेक्सासमधल्या एका परगण्याला त्याच्या घराण्याचे नाव आहे. विशीच्या सुमारास मानसिक आजाराचे निदान झाले आणि इन्सुलिनचे झटके देण्याचे उपचार झाले. त्यांत बालपणाच्या बऱ्याचशा आठवणी पुसल्या गेल्या. लेखकाचे भांडवल म्हणजे त्याचे लहानपण, असे आपण मानतो. याचे ते भांडवलच गेले, आणि तरीही त्याने लिहिले. कशाच्या बळावर, हे मला अजून उमगलेले नाही.

त्याचे 'पँचो अँड लेफ्टी' हे गाणे १९८३ साली विली नेल्सन आणि मर्ल हॅगार्ड या दोन मोठ्या गायकांनी गायले आणि ते कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच्या चित्रफितीत टाऊन्सला एका मेक्सिकन पोलिसाची बारीकशी भूमिका मिळाली. स्वतःच्याच गाण्यात पाहुणा! दारूने त्याला पोखरले आणि १ जानेवारी १९९७ रोजी, वयाच्या ५२व्या वर्षी तो गेला. त्याचा आवडता हँक विल्यम्सही १९५३ साली याच तारखेला गेला होता. चाहते या योगायोगात रमतात. मला ते रुचत नाही. दारू म्हणजे कवित्वाचा बिल्ला समजणारे मित्र मी आपल्याकडेही पाहिले आहेत. बिल्ला राहिला, कविता गेली. ओल्ड क्वार्टरच्या ध्वनिफितीत मला ऐकू येतो तो शुद्धीवरचा, प्रत्येक तार नेमकी छेडणारा कारागीर.

याहून लहान मैफल पाहायची असेल तर 'हार्टवर्न हायवेज' हा माहितीपट पाहा. त्याचे चित्रण १९७५-७६च्या सुमाराचे. त्यात टाऊन्स घरातल्या दोन-चार माणसांसमोर आपले पहिले गंभीर गाणे म्हणतो. दुःखात मुरलेल्या, मरणाची वाट पाहणाऱ्या माणसाचे ते गाणे. जवळ सेमूर वॉशिंग्टन हा वृद्ध कृष्णवर्णीय लोहार बसला आहे. आयुष्यभर घण मारलेला माणूस. गाणे निम्म्यावर येते आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहू लागते. तो ते लपवत नाही. टाऊन्स खाली पाहत गिटार वाजवत राहतो.