प्लेगचे हुकूम आणि त्यांची अखेर

साथ केव्हा सुरू झाली हे इतिहासात ठळकपणे नोंदलेले असते. परंतु तिच्या निमित्ताने सरकारने हाती घेतलेले विशेष अधिकार केव्हा व का सोडले, याची नोंद क्वचितच आढळते. कचेरीत उभे आयुष्य काढलेल्या माणसास याचे नवल वाटत नाही. हुकूम काढावयास एक सही पुरते. तो मागे घेण्यास मात्र धैर्य लागते. मुंबईच्या प्लेगचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे, आणि त्याच्या आरंभी एक गोमंतकीय उभा असल्याने तो या स्मरणिकेत सांगणे अनुचित होणार नाही.

बार्देशातील हडफडे गावी १८५६ साली जन्मलेले डॉ. आकासियु गाब्रियेल व्हिएगस हे मुंबईस वैद्यकीचा व्यवसाय करीत असत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्ण तपासून हा ताप साधा नसून ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग आहे, असे निदान त्यांनी केले. त्यानंतर ६ ऑक्टोबर रोजी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी रुग्णांना सक्तीने वेगळे करण्याचा हुकूम काढला. लोक भयभीत झाले. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगार आर्थर रोड इस्पितळावर चालून गेले. शहराची सफाई करणारे लोकच निघून गेले तर काय, ही चिंता वेगळीच. अखेर कमिशनरसाहेबांना आपला हुकूम सौम्य करावा लागला.

तथापि सक्ती तेथे संपली नाही. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि मार्चमध्ये जनरल गॅटाकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली जाऊन प्लेगसंबंधीची सत्ता नगरपालिकेच्या हातून तिच्याकडे गेली. घरांच्या झडत्या, प्रवाशांची तपासणी, रुग्णांची इस्पितळात व आप्तांची छावणीत रवानगी, असा क्रम सुरू झाला. पुण्यातील असंतोषाची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडसाहेबांवरील गोळीबारात झाली, हे सर्वश्रुत आहे. मुंबईतही ९ मार्च १८९८ रोजी दंगा उसळला व पाठोपाठ हरताळ पडला.

यानंतर सरकारचे धोरण पालटू लागले. झडत्या व सक्ती मागे पडली, घरी किंवा आपापल्या समाजाच्या इस्पितळात उपचार घेण्यास वाव मिळाला, लस ऐच्छिक राहिली आणि प्लेगनिवारणाचे काम पुन्हा नगरपालिकेकडे आले. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्लेग तेव्हा गेलेला नव्हता. १८९१ साली ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ साली ७,७६,००६ वर आली होती, आणि पुढेही कित्येक वर्षे प्लेग दर हंगामात परतत राहिला. सक्ती संपली ती रोग हटला म्हणून नव्हे. सक्तीने रोग हटत नाही हे उमगले म्हणून. झडतीच्या धास्तीने लोक रुग्ण लपवीत, आणि रोगाचे मूळ तर उंदरांवरील पिसवांत होते. सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ साली कराचीत हे दाखवून दिले.

खरे काम झाले ते सावकाश. डॉ. हाफकीन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने हवेशीर रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. मात्र ज्या गरिबांची घरे पाडली त्या सर्वांना नवी घरे मिळाली नाहीत, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. डॉ. व्हिएगस १९०६ साली त्याच म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले.

तोच १८९७ चा कायदा २०२० साली कोरोनाच्या साथीत पुन्हा बाहेर निघाला. महाराष्ट्राने आपले निर्बंध १ एप्रिल २०२२ पासून, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, उठविले. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. रोग नाहीसा झाला, असे तेव्हाही कोणी म्हटले नाही. मधल्या काळात आपल्या देवळांची दारेही बंद होती. जून २०२० मध्ये परवानगी मिळूनही गोमंतकातील कित्येक देवस्थानांनी ती लगेच उघडली नाहीत. निर्णय महाजनांनी स्वतः घेतला. हुकूम सरला तरी जबाबदारी सरत नाही, हे त्यांनी जाणले होते.

म्हणून महाजनसभेस एक नम्र सूचना करावीशी वाटते. देऊळ कोणत्या तिथीस बंद केले हे इतिवृत्तात लिहिलेले असेलच. ते केव्हा उघडले, कोणत्या विचाराने उघडले आणि त्या काळात सेवेकऱ्यांच्या चरितार्थाची व्यवस्था कशी झाली, हेही त्याच पानावर नोंदून ठेवावे. पुढील पिढीवर तशी वेळ आलीच, तर तिला आरंभापेक्षा अखेरीची माहिती अधिक उपयोगी पडेल. तशी वेळ न येवो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.