कंदील, कोल्हं आणि झाकलेली कोंबडी

कराडच्या बाजारात हल्ली कोंबड्यांची राखण करणारा दिवा मिळतो. तळहाताएवढी काळी डबी, डोक्यावर सौरपट्टी आणि पुढे दोन लाल ठिपके. अंधार पडला की ठिपके आपोआप लुकलुकायला लागतात, आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं की कुणीतरी डोळे वटारून बसलं आहे. खुराड्याच्या चारी बाजूंना चार डब्या लावा आणि निवांत झोपा, असं दुकानदार सांगतो.

माझी सगळी नोकरी पशुधन पर्यवेक्षक म्हणून पाटण तालुक्यात गेली. लोक आम्हाला ढोरांचे डॉक्टर म्हणत. बैलाला इंजेक्शन द्यायला बोलावत आणि कोंबड्यांची गाऱ्हाणी चहाबरोबर सांगत. ती ऐकून ऐकून माझं एक मत झालं आहे. आमच्या खोऱ्यात कोंबडी दिव्यानं कधीच वाचली नाही, ती घरानं वाचली. दिवा आला तशी ती घराबाहेर गेली, आणि राखणीचा प्रश्न तिथून सुरू झाला.

जुन्या घराची बांधणीच बघा. दगडी जोतं, मातीच्या भिंती, वर कौलं किंवा त्याआधी गवत. सोप्याच्या जोत्यातच, पायरीला लागून, हात-दीड हात उंचीची पोकळी सोडलेली असे. तिन्ही बाजूंनी दगड, तोंडाला फळी, फळीला बाहेरून आडणा. हे खुराडं. ज्याच्या जोत्यात ते नसे त्याच्याकडे बुरडानं विणलेलं कळकाचं डालगं असे, शेणानं सारवलेलं. कोंबड्या खाली घेऊन ते पालथं घालायचं आणि वर पाटा ठेवायचा. सोप्यात माणसं निजलेली, शेजारच्या गोठ्यात बैल, पायरीवर कुत्रं. कोंबडीपर्यंत पोचायचं तर कोल्ह्याला एवढ्या सगळ्यांच्या नाकासमोरून जावं लागे.

कोंबड्या झाकायचं काम बायकांचं, कारण कोंबड्यांचा पैसाही बायकांचाच. अंडी विकून मीठमिरची यायची, पोरांची पाटी-पेन्सिल यायची. कोंबडीला अंधारात जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणून उजेड ओसरू लागला की ती आपण होऊन बसायला जागा शोधते. तिचे रानातले भाऊबंद अजूनही रात्री झाडावरच बसतात. त्या अर्ध्या तासाचा फायदा माझी आजी घ्यायची. मूठभर कण्या घेऊन अंगणात यायची, "तीऽ तीऽ" करायची, आणि पुढ्यात आलेल्या एकेकीला उचलून आत सारायची. आकडे तिला येत नव्हते. तांबडी आली, कवडी आली, उलट्या पिसांची आली, खुडूक आधीच आत आहे, असा तिचा हिशोब चाले. सारता सारता हात पोटाखाली घालून चाचपायची. उद्या कोण अंडं देणार हे तिला आज संध्याकाळीच कळे, आणि दुपारी एखादी शेजाऱ्याच्या गंजीत अंडं घालून आली तर चोरी तिथल्या तिथं उघडकीला येई. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण शहरातही सगळ्यांना पाठ आहे. पण ते झाकायचं कशाला, हे विचारलं तर आता फार थोड्यांना सांगता येईल.

या सगळ्यात दिवा कुठंच नव्हता. कोंबडीसाठी कुठला, माणसासाठीच नव्हता. करंजाचं तेल देवापुढे आणि चुलीपाशी पुरवून पुरवून वापरायचं. रात्री बाहेर पडायचं झालं तर चूड पेटवायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आलं, आधी अमेरिकेचं, मग रशियाचं आणि ब्रह्मदेशाचं. त्याच्या रिकाम्या डब्यांच्या पत्र्यातून चिमण्या झाल्या. चिमणी घरात धूर करते आणि अंगणात वाऱ्याच्या पहिल्या झुळकीला विझते. राखणीला तिचा उपयोग शून्य.

फरक पडला तो कंदिलानं. काचेच्या आत वात, वर तारेची कडी. वाऱ्यापावसात घेऊन हिंडता येईल असा हा पहिलाच दिवा. सुरुवातीला ते परदेशी बनावटीचे असत. १९१६ मध्ये कराडजवळ, औंध संस्थानाच्या हद्दीत, ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला आणि पुढे तिथूनच प्रभाकर कंदील बाहेर पडला. कारखान्याभोवती वसलेल्या वस्तीला ओगलेवाडी नाव पडलं. कराडचं रेल्वे स्टेशन आज तिथंच आहे. औंधच्या राजांच्या आश्रयानं उभी राहिलेली ही दुसरी वाडी, पहिली किर्लोस्करांची. स्वदेशीचा इतिहास लिहिणारे या कारखान्याचं कौतुक भांडवल आणि जिद्द या अंगानं करतात, ते योग्यच आहे. मी मात्र त्याच्याकडे खुराड्याच्या बाजूनं बघतो. कंदिलाआधी रात्री दोनला खुराड्यात फडफड झाली तर माणूस आतूनच हाडहाड करायचा. कंदील आल्यावर तो बाहेर पडून बघू लागला.

बघितल्यावर काय कळायचं? पुष्कळ. रानमांजर एक कोंबडी मानेला धरून उचलतं आणि जातं. पिसं एका रेघेत कुंपणाकडे सांडलेली असतात. उदमांजर कौलातून उतरतं आणि आत शिरलं की एकीवर थांबत नाही; सकाळी तीन-चार मेलेल्या आणि खाल्लेली जेमतेम एक. कोल्हं उकरतं, फळीखालची माती बाहेर ओढलेली दिसते. पिल्लं एकेक कमी होत असतील आणि कुठं रक्ताचा ठिपका नसेल तर साप समजावा. मुंगसाच्या नावानं लोक रात्रीची पापंही खपवतात, पण मुंगूस दिवसाचा चोर आहे. कंदिलाच्या उजेडात हे वाचता येऊ लागलं, आणि कुठली फट बुजवायची ते कळलं. मात्र तो रात्रभर खुराड्यापुढे जळत ठेवायची ऐपत कुणाची नव्हती. दुसऱ्या महायुद्धात रॉकेल मिळेनासं झालं. पुढे रेशनचं निळं रॉकेल आलं तरी ते महिनाभर पुरवायचं असे. कंदील वात बारीक करून खुंटीला असायचा आणि फडफड ऐकू आली की वात मोठी व्हायची. उजेडामागं माणूस येतो, एवढं कोल्ह्याला त्यातून पक्कं कळलं.

दिव्यांवरून एक आठवलं. आषाढी अमावास्येला घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे आणि पुजायचे, आणि श्रावण लागायच्या आत त्याच दिवशी कोंबडी कापायची. त्या एका रात्री तालुक्यातल्या जेवढ्या कोंबड्या जातात तेवढ्या कोल्ह्यांनी वर्षभरात नेल्या नसतील. असो.

कोयनेची वीज १९६२ मध्ये सुरू झाली. धरण आमच्या तालुक्यात, वीजघर घाटाखाली पोफळीला, आणि तारा मुंबईच्या दिशेनं. ज्यांच्या जमिनी धरणाच्या शिवसागर जलाशयात गेल्या त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी पुढची अनेक वर्षं कंदीलच होता. याबद्दल आमच्याकडे जो राग आहे तो मी इथं उगाळत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि मातीच्या भिंती बसल्या, त्यांच्याबरोबर जोत्यातली खुराडीही ढासळली. माणसं भीतीनं उघड्यावर झोपू लागली. आजी सांगायची, कोंबड्या तेव्हा उंबरावर जाऊन बसायला लागल्या. पिढ्यान्पिढ्या घरात निजलेल्या कोंबड्यांना झाड कुणी शिकवावं लागलं नाही. पण रानमांजरालाही झाड चढता येतं, आणि थंडी सरेपर्यंत आमच्याकडची निम्मी पाखरं संपली.

नंतर घरं बांधली ती वेगळी. जोतं सिमेंटचं, पुढे फरशी बसवली, रंग दिला, आणि खुराड्याचा वास नको झाला. मी नोकरीला लागलो त्या सुमारास खुराडं परसात जाऊ लागलं होतं: चार खांब, पत्रा आणि कोंबडीची म्हणून विकली जाणारी ती पातळ षट्कोनी जाळी. ही जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कोल्हं ती दातानं ओढतं. वीजही त्याच सुमाराला वाड्यांवर पोचत होती. मग घराघरांनी तोच तोडगा काढला: खुराड्यावर बल्ब. बायका सांगायच्या, "सायेब, रातभर लाईट असती, तरी नेली." नवल वाटायचं कारण नव्हतं. रोज त्याच जागी, त्याच उंचीवर, माणसाशिवाय जळणाऱ्या दिव्याची जनावराला आठवडाभरात सवय होते. शिवाय बल्बवर किडे येतात, किड्यांवर बेडूक, बेडकांवर साप. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात ते वेगळंच. उजेड आतही पडायचा. कोंबडीच्या अंड्यांचं गणित दिवसाच्या लांबीवर चालतं. चौदा-सोळा तास उजेड मिळाला तर ती हिवाळ्यातही अंडी देत राहते, म्हणून पोल्ट्रीवाले दिवे लावतात. पण ते ठरलेल्या वेळी बंदही करतात. परसातला बल्ब बंद होत नसे, आणि झाला तर भारनियमनात, म्हणजे नेमका नको त्या वेळी.

कुत्रंही घरापासून तुटलं. परसात खुराड्याजवळ साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला आवतण. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या, वस्तीच्या मुलखातल्या बिबट्यांचा अभ्यास केला. त्या बिबट्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशोबानं सत्त्याऐंशी टक्के पाळीव जनावरं निघाली, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा.

आता त्या लाल ठिपक्यांच्या डबीकडे येतो. तिची कल्पना फसवी नाही. केनियात नैरोबीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून राहणाऱ्या रिचर्ड तुरेरे या मसाई मुलानं अकराव्या वर्षी गोठ्याभोवती लुकलुकणारे दिवे बसवले आणि सिंहांना लांब ठेवलं. त्याची २०१३ ची हकीगत जगभर गेली, पण तिच्यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग लोक सोडून देतात. आधी त्यानं आग लावून पाहिली होती, आणि तिच्या उजेडात सिंहांना गोठ्यातलं उलट नीट दिसलं. मग एकदा हातात बॅटरी घेऊन फिरताना त्याच्या ध्यानात आलं की सिंह हलत्या उजेडाला बिचकतो. दिवे त्यानं पुढे आळीपाळीनं लागतील असे जोडले, माणूस फिरतोय असं वाटावं म्हणून. ऑस्ट्रेलियात इयान व्हेलन या शेतकऱ्यानं कोल्ह्यांपासून कोकरं वाचवायला अनियमित चमकणारा दिवा काढला, त्याच्या मुळाशीही हेच. आमच्या आजोबांच्या कंदिलाचं सोंग म्हणा ना. चिलीच्या डोंगराळ भागात व्हेलनच्या दिव्यांची रीतसर परीक्षा झाली आणि २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले: दिवे लावलेल्या कळपांकडे प्यूमा फिरकला नाही, तिथल्या कोल्ह्याला मात्र काही फरक पडला नाही. मोठं मांजर बिचकतं, कोल्हं हिशोब करतं. आमच्याकडे कोंबडी नेणाऱ्यांत कोल्हं आहे, उदमांजर आहे, साप आहे. सापाला तर त्या डबीचं सोयरसुतक नाही.

म्हणून माझा निकाल असा की डबी घ्यायची तर घ्या, पण आधी खुराड्याची कडी बघा. नुसती आडवी पट्टी नको, वर उचलून फिरवायची कडी हवी. उदमांजराचं डोकं जिथून जातं तिथून सगळं अंग जातं, तेव्हा दोन बोटांपेक्षा रुंद फट ठेवू नका, विशेषतः पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये. पातळ जाळी काढून जाड तारेची लावा आणि ती जमिनीत हातभर पुरा. डब्या गुडघ्याच्या उंचीवर, बाहेर तोंड करून बसवा आणि चार-आठ दिवसांनी त्यांची जागा बदला. आत बल्ब ठेवू नका. आणि दिवस मावळायच्या आत कोंबड्या झाका, झाकताना मोजा.