दहा मार्कांचं गाणं

मागच्या भागात मी एक चूक केली, ती आधी दुरुस्त करतो. इंदूरच्या एका ताईंनी विचारलं होतं, जगायचं तरी कशासाठी? मी व्हिक्टर फ्रँकल यांच्या पुस्तकाचं नाव घेतलं, ‘तरीही जगण्याला होकार’, आणि ते शब्द त्यांचेच असं ठासून सांगितलं. ते त्यांचे नाहीत. एका कैद्याच्या गाण्यातले आहेत.

फ्रिट्झ लोहनर-बेडा हे व्हिएन्नाचे नामवंत गीतकार. संगीतकार फ्रान्झ लेहार यांच्यासाठी त्यांनी लिहिलं, आणि लेहारचं संगीत खुद्द हिटलरला आवडायचं! त्याचा उपयोग शून्य. 1938 मध्ये जर्मनीनं ऑस्ट्रिया गिळला आणि ज्यू असलेल्या लोहनर-बेडांची रवानगी आधी डाखाऊ, मग बुखेनवाल्डच्या छळछावणीत झाली. वर्षाअखेरीस तिथल्या एका अधिकाऱ्याला हुक्की आली: छावणीला स्वतःचं गाणं हवं, बक्षीस 10 मार्क. लोहनर-बेडांनी शब्द लिहिले, हेर्मान लेओपोल्डी या कैद्यानं चाल लावली. ज्यूंचं गाणं मंजूर होणार नाही, म्हणून ते दुसऱ्याच कैद्याच्या नावावर दिलं. बक्षीस मिळालंच नाही. पुढे हजेरीच्या मैदानात, कडाक्याच्या थंडीत उभं करून कैद्यांना ते गायला लावत. मारणाऱ्यांचाच हुकूम, आणि त्यांच्याच तोंडावर जगण्याला होकार!

लेओपोल्डी पुढे अमेरिकेला निसटले. लोहनर-बेडांना डिसेंबर 1942 मध्ये आउशवित्झजवळच्या मोनोविट्झ छावणीत मारण्यात आलं. पत्नी आणि दोन मुलींनाही त्याच वर्षी मारलं होतं.

फ्रँकल एप्रिल 1945 मध्ये सुटले. वडील छावणीतच गेले होते. आई, भाऊ, पत्नीही परतले नाहीत. सुटकेला वर्षही झालं नव्हतं, तोच 1946 च्या वसंतात ते व्हिएन्नाच्या ओटाक्रिंग भागात सामान्य लोकांसमोर व्याख्यानं द्यायला उभे राहिले. त्यात या गाण्याचा उल्लेख केला, आणि व्याख्यानांच्या पुस्तकाला नावही त्यावरूनच दिलं. (बोललेल्याचं पुस्तक होणं काही आपल्यापासून सुरू झालेलं नाही.)

ताई, मी तुम्हाला औषधासारखं सांगितलं होतं: होकार द्या, तराल. लोहनर-बेडांनी दिला, ते तरले नाहीत. वाचण्याची हमी मागून त्यांनी तो दिलाच नव्हता. माझं ते घाईचं उत्तर मी मागे घेतो. तुमचा प्रश्न माझ्यापाशी अजून तसाच आहे. पुन्हा लिहा, आपण बोलू.