हातातल्या गेमयंत्रांवर डेस्कटॉप ऑपरेटिंग सिस्टीम

टेबलावरच्या संगणकासाठी लिहिलेली डॉस, विंडोज, मॅकिंटॉश किंवा लिनक्स यांपैकी एखादी ऑपरेटिंग सिस्टीम इम्युलेटरच्या आधारे खिशातल्या गेमयंत्रावर चालवणे. गेमयंत्राचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा असतो, मेमरी तोकडी असते, कीबोर्ड नसतोच. इम्युलेटर हा प्रोग्राम मूळ संगणकाचा प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क, पडदा, कीबोर्ड आणि माउस असे सगळे भाग सॉफ्टवेअरमध्ये उभे करतो. ऑपरेटिंग सिस्टीम त्या भागांशी नेहमीसारखी बोलते आणि आपण परक्या यंत्रावर आहोत याचा तिला पत्ताही लागत नाही. ज्या यंत्रावर इम्युलेटर चालतो ते यजमान आणि त्याच्या आत चालणारी प्रणाली ती पाहुणी, अशी भाषा या क्षेत्रात रूढ आहे.

याच्याशी मिळतेजुळते, पण वेगळे असे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे प्रणालीच त्या यंत्रासाठी नव्याने बांधणे. निन्टेंडो डीएसवर चालणारे डीएसलिनक्स असेच बांधलेले होते. त्यात इम्युलेशन नाही. दुसरा मार्ग वाइन आणि त्यावर बेतलेल्या प्रोटॉनचा. इथे विंडोज चालतच नाही. विंडोजकडे केलेली मागणी लिनक्सकडे वळवली जाते. व्हॉल्व्ह कंपनीचे स्टीम डेक २०२२ च्या फेब्रुवारीत बाजारात आले ते याच बळावर. त्याचा प्रोसेसर एएमडीचा, म्हणजे टेबलावरच्या संगणकाच्याच कुळातला. त्यामुळे त्यावर विंडोज थेटही बसवता येते आणि या नोंदीतली खरी अडचण तिथे उद्भवत नाही.

ती अडचण प्रोसेसरच्या भाषेची आहे. इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरसाठी लिहिलेली सूचना मिप्स किंवा आर्म प्रोसेसरला कळत नाही. साधा इम्युलेटर पाहुण्या प्रणालीची एकेक सूचना उचलतो, तिचा अर्थ लावतो आणि यजमानाच्या अनेक सूचना खर्चून तोच परिणाम घडवतो. एक्स८६ मध्ये बेरीज केली की उत्तराबरोबर हातचा आला का, उत्तर शून्य आहे का, ऋण आहे का अशा खुणाही आपोआप नोंदल्या जातात. मिप्स प्रोसेसरमध्ये अशा खुणांची जागाच नाही. म्हणजे प्रत्येक बेरजेमागे या खुणा वेगळ्या मोजाव्या लागतात. चतुर इम्युलेटर त्या लगेच मोजत नाहीत. पुढची एखादी सूचना त्या विचारील तेव्हाच मोजतात, आणि बहुतेक वेळा कोणी विचारीतच नाही. मेमरीचेही तसेच. विंडोज ९५ आपल्या प्रोग्रामना आभासी पत्ते देते. त्या पत्त्याची खरी जागा शोधण्याचे काम इंटेलच्या चिपमध्ये अंगभूत असते, इथे मात्र ते सॉफ्टवेअरने करायचे असते. याहून वेगवान पद्धत म्हणजे पाहुण्या सूचनांचे गठ्ठेच्या गठ्ठे एकदाच यजमानाच्या भाषेत अनुवादून ठेवणे आणि पुन्हापुन्हा तेच वापरणे. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये आणलेल्या क्यूईएमयूची गती याच युक्तीतून आली.

वेग कितीही घसरला तरी तत्त्वतः कोणताही संगणक दुसऱ्या कोणत्याही संगणकाची नक्कल करू शकतो, फक्त पुरेशी मेमरी हवी. याचा कमाल दाखला दिमित्री ग्रिनबर्ग यांनी २०१२ मध्ये दिला. २४ मेगाहर्ट्झच्या एका आठ-बिटी चिपला जुनी मेमरीपट्टी जोडून त्यांनी तिच्यावर आर्म प्रोसेसरचे इम्युलेशन केले आणि त्यात उबुंटू लिनक्स सुरू केले. आज्ञा लिहिण्याची ओळ दिसायलाच सुमारे दोन तास लागत. ते हातातले यंत्र नव्हते, पण मेमरी पुरली की बाकी प्रश्न केवळ वेळेचा उरतो हे त्याने दाखवून दिले. वेळेची भरपाई धीराने होते; मेमरीची होत नाही.

सोनीचे पीएसपी हे या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे यंत्र. ते जपानमध्ये १२ डिसेंबर २००४ रोजी आणि अमेरिकेत मार्च २००५ मध्ये विक्रीस आले. मिप्स जातीचा, ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत धावू शकणारा प्रोसेसर, ३२ मेगाबाइट मेमरी, ४८० × २७२ ठिपक्यांचा पडदा आणि मेमरी स्टिकची खाच असा त्याचा संच होता. सोनीची परवानगी नसलेले प्रोग्राम त्यावर चालवण्याची वाट २००५ च्या मध्यापर्यंत शोधली गेली आणि २००५-०६ च्या सुमारास बॉक्स हा इम्युलेटर त्यावर आणला गेला. बॉक्स मूळ केव्हिन लॉटन यांचा, १९९४ मध्ये सुरू झालेला. २००० मध्ये मँड्रेकसॉफ्ट या फ्रेंच लिनक्स कंपनीने तो विकत घेऊन मुक्त परवान्याखाली खुला केला. कोणत्याही विशिष्ट चिपवर न विसंबता तो साध्या सी++ भाषेत लिहिलेला असल्यामुळे नव्या यंत्रावर नेणे सोपे होते. त्याचा संथपणाही त्यातूनच आला.

पीएसपीच्या ३२ मेगाबाइटपैकी आठ मेगाबाइट सोनीच्या स्वतःच्या प्रणालीसाठी राखीव होती. उरलेल्या चोवीसमध्ये इम्युलेटर आणि त्याच्या आतल्या संगणकाची मेमरी दोन्ही बसवायचे. विंडोज ९५ ला कागदोपत्री ३८६ प्रोसेसर आणि चार मेगाबाइट मेमरी पुरे होती, आठ असेल तर बरे. म्हणजे ती मावत होती. वेगाचा हिशोबही करता येतो. एका पाहुण्या सूचनेमागे यजमानाच्या तीस ते पन्नास सूचना खर्च होतात असे धरले, तर ३३३ मेगाहर्ट्झमधून सेकंदाला साधारण सत्तर लाख ते एक कोटी दहा लाख सूचना हाती येतात. हा आकडा जुन्या ३८६ च्या आसपासचा आहे. विंडोज ९५ चालू होणे चमत्कार नव्हता. हिशोबातच बसणारी गोष्ट होती.

प्रत्यक्ष काम पीएसपीवर सुरूच होत नसे. आधी टेबलावरच्या संगणकावर बॉक्स चालवून, त्यात विंडोज ९५ बसवून एक डिस्क-प्रतिमा तयार करायची. ही प्रतिमा म्हणजे संपूर्ण हार्ड डिस्कचा ऐवज असलेली एकच फाइल. ती मेमरी स्टिकवर उतरवायची आणि सोबत मांडणीची फाइल ठेवायची. या मांडणीत डिस्कचे माप लिहावे लागते : २०३ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणून गुणाकार येतो १०,४७,६७,४८८ बाइट, म्हणजे शंभर मेगाबाइटला थोडा कमी. फाइलचा आकार या गुणाकाराशी जुळला नाही तर इम्युलेटर डिस्क स्वीकारत नाही, आणि नवख्यांचे घोडे बहुधा इथेच अडे. सारे जुळले की आधी बायोसच्या पांढऱ्या ओळी, मग आभाळावरचे विंडोजचे चिन्ह, आणि पुष्कळ मिनिटांनी डेस्कटॉप. विंडोजचा नेहमीचा पडदा ६४० × ४८० ठिपक्यांचा, म्हणजे पीएसपीच्या पडद्याच्या दुपटीहून मोठा. तो आकसून बसवला तर अक्षरे विरघळतात, मूळ मापात ठेवला तर एका वेळी निम्म्याहून कमी भाग दिसतो आणि पडदा सरकवत बसावे लागते. बोटाखालच्या छोट्या कळदांड्याने माउसचा बाण हलवायचा आणि कीबोर्डची कसर गेमच्या बटणांनी भरून काढायची. स्टार्ट मेनू उघडायला दाबलेले बटण आणि मेनू उघडणे यांत अंतर पडे.

एवढ्या खटाटोपाला थट्टेवारी नेणारे पुष्कळ होते. पण हा खटाटोप करणाऱ्यांचे काम गंभीर आहे. बंद पेटीसारख्या विकल्या गेलेल्या यंत्राच्या आत एक सर्वसाधारण संगणक आहे, हे त्यांनी सिद्ध केले. आणि त्या नादात प्रोसेसर, बायोस, डिस्कची रचना हे विषय अनेक जण स्वतःहून शिकले.

इतर यंत्रांपैकी निन्टेंडो डीएसची गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच्यात मेमरी अवघी चार मेगाबाइट आणि मुख्य प्रोसेसर ६७ मेगाहर्ट्झचा. विंडोज ९५ चा विचारच नको. पण १९८६ चा मॅकिंटॉश प्लस मुळात एक मेगाबाइट मेमरीचा आणि सुमारे आठ मेगाहर्ट्झच्या ६८००० प्रोसेसरचा. त्याची नक्कल करणारा मिनी व्हीमॅक डीएसवर आणला गेला. मॅकच्या माउसला एकच बटण होते, त्यामुळे डीएसची लेखणी त्याच्याशी सहज जुळली. पडद्यावर टेकवली की झाले. पॅट्रिक आल्टो यांनी डीएससाठी लिहिलेला डीएसएक्स८६ डॉसचे प्रोग्राम चालवी. डच प्रोग्रामरांनी २००२ मध्ये आणलेला डॉसबॉक्स जवळपास प्रत्येक गेमयंत्रावर पोहोचला : कोरियाचे जीपी२एक्स, पीएसपी, ३डीएस. त्यात विंडोज ३.१ सुखाने चालते आणि ३डीएसवर विंडोज ९५ ही चालवले गेले. २०१८ मध्ये निन्टेंडो स्विचच्या सुरुवातीच्या चिपमध्ये दुरुस्त न होणारी फट सापडली, तिच्यातून स्विचवर लिनक्स आले, आणि लिनक्सवर क्यूईएमयू आला की पुढचा दरवाजा उघडाच. अनबर्निकसारख्या चिनी कंपन्यांची अलीकडची बरीच यंत्रे मुळातच लिनक्सवर चालतात. डॉसबॉक्सवर बेतलेल्या डॉसबॉक्स प्युअरमध्ये विंडोज ९५ व ९८ बसवण्याची सोयही आहे, त्यामुळे पीएसपीच्या काळातली कसरत बरीच ओसरली.

कायद्याची बाजू. इम्युलेटर वापरणे हा गुन्हा नव्हे. बॉक्स, डॉसबॉक्स आणि क्यूईएमयू मुक्त सॉफ्टवेअर आहेत. प्रश्न पाहुण्या प्रणालीचा असतो. जुनी झाली, दुकानातून गेली, म्हणून विंडोज ९५ फुकट होत नाही. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२(१)(कक) नुसार कायदेशीररीत्या प्रोग्राम बाळगणाऱ्याला तो ज्या कामासाठी दिला त्यासाठी, किंवा हानीपासून बचाव म्हणून, प्रत करता येते. हे संरक्षण स्वतःजवळ असलेल्या प्रतीपुरते आहे. निर्धास्तपणे वापरायचे तर १९९४ मध्ये सुरू झालेले फ्रीडॉस किंवा कोणतेही लिनक्स आहेच.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या तंत्राचे मोल निराळ्याच ठिकाणी आहे. युनिकोडची देवनागरी नीट दाखवणारी पहिली विंडोज म्हणजे २००० साली आलेली विंडोज २०००. तिच्यासोबतचा मंगल हा फॉन्ट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टने ६४ मेगाबाइट मेमरी सुचवली होती, म्हणजे पीएसपीच्या चोवीस मेगाबाइटच्या कोठाराबाहेरची गोष्ट. पीएसपीत मावणारी विंडोज ९५ देवनागरी जाणतच नव्हती. त्या काळात मराठी मजकूर रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार ठेवणाऱ्या फॉन्टांवर चाले. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द फाइलमध्ये ई, जे, के, मोठा बी आणि एच अशा पाच रोमन अक्षरांनी साठवलेला असतो. फॉन्ट नसलेल्या फोनवर ती फाइल उघडली तर हीच पाच अक्षरे दिसतात आणि लोक म्हणतात फाइल बिघडली. ती बिघडलेली नसते.

कृतिदेवसारखा सुटा फॉन्ट आजच्या संगणकावरही बसतो, त्याला इम्युलेटरची गरज नाही. गरज पडते ती प्रोग्रामसाठी. १९९० च्या दशकापासून मराठी मासिके, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, पंचायतीच्या स्मरणिका पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकची आयएसएम वापरून पेजमेकर या पानमांडणीच्या प्रोग्राममध्ये जुळवल्या गेल्या. पेजमेकरची शेवटची, ७.० ही आवृत्ती २००१ ची. त्या फाइली मूळ मांडणीसह पाहायच्या तर जुनी विंडोज, जुना पेजमेकर आणि जुना मराठी प्रोग्राम तिघेही एका ठिकाणी चालायला हवेत, आणि हे काम डिस्क-प्रतिमाच करू शकते. एकदा प्रतिमा नीट बांधली की ती टेबलावरच्या संगणकावर चालते तशीच खिशातल्या यंत्रावरही चालते. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजासारख्या गावात हाताशी असलेले यंत्र बहुधा अँड्रॉइड फोन असते. त्यावर क्यूईएमयूवर आधारलेला लिंबो किंवा डॉसबॉक्सची एखादी आवृत्ती हेच काम करते, आणि आजच्या साध्या फोनची मेमरीसुद्धा पीएसपीच्या कितीतरी पट आहे. गावच्या जुन्या स्मरणिकेची फ्लॉपीवरून उतरवलेली फाइल कोणाकडे राहिली असेल, तर ती उघडण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जुना संगणक शोधत हिंडायचे कारण उरलेले नाही.

अडतात ते दोन प्रकार. मराठी डीटीपीच्या काही प्रोग्रामना प्रिंटरच्या पोर्टवर लावायचे हार्डवेअर लॉक असे. ते खरे कुलूप इम्युलेटरला दिसत नाही, त्यामुळे पैसे मोजून घेतलेला प्रोग्रामही चालायला नकार देतो. दुसरा प्रकार त्याहून जुना, डॉसच्या काळातला. तेव्हा पडद्यावर देवनागरी येई ती जिस्ट कार्डामुळे. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेल्या या तंत्राचे कार्ड संगणकाच्या खाचेत बसवले की डीबेससारख्या इंग्रजी प्रोग्राममध्येही मराठी नावे टंकता आणि वाचता येत. मजकूर ज्या इस्की संकेतांत साठवला जाई त्यांचे भारतीय मानक १९९१ चे, आयएस १३१९४ या क्रमांकाचे, छापील उपलब्ध आहे; म्हणून त्या फाइलींतली अक्षरे युनिकोडमध्ये आणता येतात. पण तो प्रोग्राम मूळ रूपात, मूळ पडद्यावर पाहायचा तर इम्युलेटरमध्ये ते कार्ड असावे लागते. इम्युलेटरमध्ये फक्त तेच भाग असतात जे कोणीतरी खऱ्या यंत्रावरून अभ्यासून लिहिले. बॉक्स आणि क्यूईएमयूमध्ये व्हीजीए पडदा आहे, साउंड ब्लास्टर आहे, एनई२००० नेटवर्क कार्ड आहे. जिस्ट कार्ड नाही. ते लिहायचे तर कार्डावरच्या रॉमची प्रत, चालू स्थितीतले एक तरी कार्ड आणि ते बसेल अशी जुनी आयएसए खाच असलेला संगणक हाती हवा.